मावशी, समुद्र आणि दुसऱ्याचं भांडं

हिच्या मावशीला जगाच्या पाठीवर कुठंही नेऊन सोडा, संध्याकाळपर्यंत तिथं तिचा शेजार तयार असतो. शेजार म्हणजे भांड्यांची ये-जा. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम ती नागपुराहून थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे, वेस्ट विंडसरच्या आमच्या घरी घेऊन आली. आमच्या समोरच्या गृहस्थाने एकदा बागेतल्या टोमॅटोंचा वाडगा दिला. मावशीने तो सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी, भरून परत केला. त्या बिचाऱ्याने आभार म्हणून कुकीज पाठवल्या, तर मावशीकडून शंकरपाळे. उन्हाळा संपेपर्यंत तो माणूस वाडगा दारात ठेवून, बेल वाजवून पळ काढू लागला. "भला माणूस आहे, पण लाजते फार," हे मावशीचं मत. इंग्रजी तिला जेमतेम येतं, पण अडत कुठंच नाही. ती मराठीत बोलते, समोरचा इंग्रजीत, आणि दोघंही समाधानाने माना डोलावतात.

याआधी ती चारदा अमेरिकेत आली, ती चारही वेळा बाळंतपणांना. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश आणि खिडकीतून दिसणारा बर्फ, एवढीच तिची अमेरिका. पाचव्या खेपेला तिने विमानतळावरच जाहीर केलं, "यंदा कोणाचं बाळंतपण नाही. मला तो पलीकडचा समुद्र दाखवा." म्हणून तिचं परतीचं तिकीट मुद्दाम सॅन फ्रान्सिस्कोहून काढलं, आणि आम्ही तिघं भाड्याच्या गाडीने नेवाडाच्या वाळवंटातून समुद्राकडे निघालो.

वाटेत गाडीने वाफ सोडली आणि मान टाकली. कसंबसं एका गावात पोचलो. गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, डायनर म्हणतात तशी रस्त्याकडेची एक खाणावळ, त्यामागे भाड्याच्या दोन खोल्या आणि रस्त्याच्या मधोमध झोपलेला कुत्रा. डायनरच्या साठीतल्या मालकीणबाईने आम्हाला खोली दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या भावाने इंजिनातला फुटलेला पाइप बदलून गाडी चालू केली. निघताना बाईने मावशीच्या हातात काचेच्या भांड्यात पीचचा 'पाय', म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, ठेवला. मावशीचं विमान त्यापुढच्याच पहाटे होतं, म्हणजे समुद्र पाहायचा तर आजच. मी गाडी पिटाळली.

तासाभराने पाय संपला. मावशीने ते रिकामं भांडं उन्हात धरून नीट पाहिलं. जुनं, जाड काचेचं, काठाला जरासा टवका. "हे त्या बाईचं घरचं भांडं आहे नं? मग आपण काहून आणलं?"

ही म्हणाली, "अगं, मला वाटलं भांड्यासकट दिलंय. आपण कुरियर करू ना, अ‍ॅड्रेस आहे माझ्याकडे."

"रिकामं? जावईबापू, गाडी फिरवा."

मागे फिरलो तर समुद्र हुकेल, हे मी परोपरीने समजावलं. मावशी शांतपणे म्हणाली, "समुद्र कुठं जाते? भांडं मात्र दुसऱ्याचं आहे." मी मनातल्या मनात चरफडत गाडी फिरवली. मागे मावशीने पिशवीतून बेसनाचे लाडू काढले. विमानात बाहेरचं खायचं नाही म्हणून स्वतःसाठी केलेले. ते सगळे तिने त्या भांड्यात रचले.

मालकीणबाई धावतच बाहेर आली. भांडं तिच्या आईचं होतं. गडबडीत तिनेच भलतं भांडं उचललं होतं, आणि आम्ही गेल्यापासून ती हळहळत बसली होती. तिने भांडं छातीशी धरलं, मग एक लाडू खाल्ला आणि सरळ रडायलाच लागली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत मराठीत समजूत घालत होती आणि बाई मान डोलावत होती. तेवढ्यात भावाने सहज बॉनेट उघडलं. नव्या पाइपची पकड ढिली झाली होती. ती घट्ट करत तो म्हणाला, पुढच्या डोंगरात गाडी नक्की बंद पडली असती. मावशीने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. ते पुरेसं होतं.

निघताना बाईने लाडू काढून घेऊन त्याच भांड्यात चेरीचा पाय भरला. आम्ही नको नको म्हणत होतो. "हे आता तुम्हीच आणून द्यायचं," ती मावशीला म्हणाली, "पोस्टाने आलेलं मी घेणार नाही." मावशीला शब्द कळले की नाही देव जाणे, पण तिने तत्काळ मान डोलावली.

समुद्रावर पोचलो तेव्हा सूर्य नुकता पाण्याला टेकला होता. मावशी साडी खोचून गुडघाभर पाण्यात गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि नागपूरला फोन लावून ओरडली, "पोचले हो! पाण्यात उभी आहे!" आजूबाजूची चार अनोळखी माणसं टाळ्या वाजवू लागली. मीही वाजवल्या. इतका आनंद मला स्वतःच्या ग्रीन कार्डाचाही झाला नव्हता.

भांडं आमच्याकडेच ठेवून मावशी नागपूरला गेली. पुढच्या उन्हाळ्यात यायचं ठरलं होतं, पण गुडघ्यांनी असहकार पुकारला. आता जिना चढायचा तर दोन जण लागतात. मागच्या आठवड्यात फोनवर मी म्हटलं, "मावशी, तुमच्या वतीने आम्ही देऊन येऊ का भांडं?"

ती म्हणाली, "राहू द्या, जावईबापू. ते तुमच्याकडे आहे, तोवर माझं तिथं जाणं बाकी आहे."