चार माणसांचं घर

वडप्याच्या भाऊंचा पाय एका जागी ठरत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. गोडाऊनवर असले की चाळीची काळजी, चाळीत गेले की गोडाऊनची. पण त्या आठवड्यात त्यांनी कहर केला. बायको कमळने ओट्यावर ठेवलेला चहा निवून जायचा आणि भाऊ अंगणात येरझाऱ्या घालत राहायचे.

कारण काय, तर स्पेनमधलं एक भाड्याचं घर.

मुलगा कुणाल आणि सून मृणाली यांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी कोर्दोबा नावाच्या जुन्या शहरात आठ दिवसांकरता घर ठरवलं होतं. पांढऱ्या भिंती, भिंतींवर निळ्या कुंड्या, मधोमध दगडी अंगण. चार खाटा आणि जाणारी माणसंही चार: ती दोघं, भाऊ आणि कमळ. सगळं सरळ होतं, पण सरळ राहील तर ते भाऊंचं घर कसलं!

या घरात कोणतीही नवी वास्तू थोरल्या बहिणीच्या पावलाशिवाय उघडत नाही. पहिलं गोडाऊन असो, टेमघरची चाळ असो, आक्का अंबाडीहून यायची, उंबऱ्यावर पाणी शिंपडून उजवं पाऊल आत टाकायची, मगच बाकीचे आत. आई गेली तेव्हा भाऊ जेमतेम चालायला लागले होते. गवताचे भारे वाहून आक्कानेच त्यांना वाढवलं. आठ दिवसांचं का होईना, घर ते घर. म्हणून भाऊंनी कुणाला न विचारता तिला फोन लावला, "आक्का, पासपोर्ट हाय ना तुजा? चल आमच्यासंगं."

दुबईच्या लेकीकडे जाऊन आल्यापासून पासपोर्ट पेटीत पडूनच होता. आक्काने लगेच कापडी बूट घेतले. सवय व्हावी म्हणून ते घालून ती रोज अंबाडी नाक्यापर्यंत चालायची आणि भेटेल त्याला सांगायची, "भावानं घर घेतलंय परदेशात, मीच उघाडनार."

कुणालला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "पप्पा, विचारायचं तरी! तिथं चारच माणसं चालतात. व्हिसासाठी राहायच्या जागेच्या बुकिंगवर प्रत्येकाचं नाव लागतं."

"आरं, एवढं आंगन दिसतंय. एक गोधडी टाकली का झालं. भावाच्या घरान बहिणीला कोन आडवतंय?"

"घर आपलं नाहीये, पप्पा. आपण भाडेकरू आहोत."

भाडेकरू! हा शब्द भाऊंनी उभ्या जन्मात दुसऱ्यांनाच लावला होता. आता तो त्यांनाच येऊन चिकटला. शेवटी कुणालने पिलार नावाच्या त्या घरमालकिणीला विनंती लिहिली. मग सुरू झालं, "आला का निरोप?" जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच. कमळ वैतागून म्हणाली, "जा जरा टेमघरला, चाळीकरं फिरून या. माजं डोकं उठलंय."

चाळीत कापडाच्या लूमवरचे कामगार राहायचे. जिन्याजवळच्या भिंतीवर भाऊंनीच लाल रंगात रंगवून घेतलं होतं: एका खोलीत चार माणसं, पाहुणा ठेवू नये. त्या दिवशी त्यांच्यातला मनोज हात जोडून पुढे आला. "सेठ, गाँव से दीदी आयी है. चार दिन रहने दीजिए, नीचे सो जाएगी."

भाऊंचं चित्त थाऱ्यावर कुठे होतं! "आज तुझे हाँ बोला, तो कल सब लेके आएंगे. चार मतलब चार," असं म्हणून ते गाडीवर बसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पिलारबाईंचं उत्तर आलं. कुणालने वाचून दाखवलं. "वाईट वाटतं, पण एकाला हो म्हटलं की सगळेच जास्तीची माणसं आणतात. चार म्हणजे चार."

"दगडाच्या काळजाची बाई!" भाऊ कडाडले, आणि मधेच थांबले. आपलंच बोलणं सातासमुद्रापार जाऊन परत आलं होतं. त्यांना मनातून लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

आक्काला नाही कसं म्हणायचं? भाऊंनी कुणालला आपलं नाव काढायला लावलं, तिचं घालायला लावलं. खरं सांगितलं असतं तर ती गेलीच नसती. म्हणून फोनवर थाप मारली, "गोडाऊनचं काम निगालंय. तू जा, पाऊल तुजंच पायजे." कमळ सगळं ऐकत होती, तिने नुसता पदर तोंडाला लावला.

टेमघरला जाऊ जाऊ म्हणत त्यांनी आठवडा घालवला. भाडेकरूपुढे माघार घ्यायची म्हणजे जिवावर येतं. गेले तेव्हा मनोज ड्युटीवर निघाला होता.

"तेरी बहन को रहने दे इधर."

"वो तो लौट गयी, सेठ. दो दिन कारखाने के गेट पे बैठी, फिर गाड़ी पकड़ ली."

"अगली बार आए तो मेरे को बोल. अलग खोली देता है."

"जी," मनोज म्हणाला आणि शिफ्टला गेला.

दिवाळीत सगळे गेले. रिकाम्या घरात भाऊंना करमेना. रोज कसलं तरी निमित्त काढून ते चाळीत यायचे. असेच जिन्याजवळ उभे असताना आक्काचा व्हिडिओ कॉल आला. मागे निळ्या कुंड्या, पायात कापडी बूट.

"भाऊ, पानी शिंपरलं बग उंबऱ्यावं! आन् आंगन केवरं हाय रं. तुजी बी गोधडी मावली असती. तू कुठं हायस?"

"हितंच, चाळीन," भाऊ म्हणाले, आणि मागच्या भिंतीवरची लाल अक्षरं तिला दिसू नयेत म्हणून त्यांनी फोन वळवला.