हरवलेली खाडी आणि नरेशदादांचं भिंग

गेल्या बुधवारी एक पितळी पाटी करायला द्यायला तारापूरला गेले आणि माझं चार वर्षांचं संशोधन दहा मिनिटांत निकालात निघालं.

तुम्हाला माहीत आहेच, मी जुने नकाशे जमवते. तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरून छापलेले... बोईसरच्या फॅक्टरीतल्या लॅबमधून घरी आलं की माझा तोच उद्योग. त्यातला सगळ्यात लाडका आपल्याच किनाऱ्याचा, दोनेकशे वर्षांपूर्वीचा असावा.

त्यात शिरगाव आणि दांडीच्या मध्ये एक बारीकशी खाडी आहे, जी आज जागेवर नाही. त्या 'हरवलेल्या खाडी'वर मी इथे लांबलचक पोस्ट लिहिली होती, तुम्ही ती शेअरही केलीत. येत्या रविवारी पालघरच्या एका वाचनालयात त्यावरच माझं भाषण ठरलेलं, निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. आणि फ्रेमखाली 'हरवलेली खाडी' अशी पाटी हवी होती... हौस, दुसरं काय!

नरेशदादा जुने डायमेकर. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, म्हणजे त्यावर पत्रा ठोकला की दागिन्यावर ती सुलटी उठते... जन्मभर हेच काम. आता डाय कॉम्प्युटरवर होतात, म्हणून ते पाट्याही करून देतात.

पाटी कशाखाली लावायची ते कळावं म्हणून मी नकाशा उघडला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एका हातात दाढीचा आरसा धरला आणि नकाशा आरशात बघायला लागले. छपाईचा पत्राही डायसारखा उलटाच कोरतात, म्हणजे कोरणाऱ्याने तो तसाच पाहिलेला... हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

मी कौतुकाने माझी खाडी दाखवली, ती ते आरशात निरखत राहिले. मग म्हणाले, "ताई, ही खाडी नाय. हात सटकलाय त्याचा."

मी हसले. ते हसले नाहीत.

"बगा, रेघ इथं जाड, म्हंजे खोल हाय, मग एकदम केसासारखी. कोरणी सटकली की अशीच जाते. मग त्यानं बाजूनं बारीक रेघा मारून तिची खाडी केली. आमी पण तेच करतो."

मी वाद घातला, अगदी लॅबमधल्या ज्युनियरशी घालते तसा. त्यांनी शांतपणे भिंग माझ्या हातात दिलं. बाकीच्या सगळ्या खाड्या तोंडाशी रुंद, आत वळणावळणाच्या... ही एकटी सुतासारखी सरळ. चार वर्षं ते मला दिसतच होतं, पण मला खाडी हवी होती.

लाज वाटली, खरं सांगते. पोस्ट, निमंत्रण, भाषण... सगळं डोळ्यासमोर आलं.

नरेशदादांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते अजून त्या रेघेपाशी होते. "घाबरला असंल बिचारा. पत्रा पुरा होत आलेला, आणि हे असं..."

मग स्वतःची गोष्ट सांगितली. नवीन असताना एका डायवर त्यांची कोरणी अशीच सटकली, तर त्या ओरखड्याचं त्यांनी पान केलं. शेठला ते पान इतकं आवडलं की पुढच्या सगळ्या डायांवर त्याने तेच मागितलं! "इतकी वर्षं कुनाला बोललो नाय," म्हणाले, "आता तुमी लिवा खुशाल."

पाटीवर मग काय कोरू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्या माणसाचं नाव ठाऊक असतं तर तेच कोरा म्हटलं असतं... नकाशावर छापणाऱ्याचं नाव आहे, कोरणाऱ्याचं नाही. आता तुम्हीच ठरवा.

काल पाटी आली. अक्षर एकही नाही, मधोमध फक्त एक पान.

भाषण रद्द केलेलं नाही. खाडी नव्हतीच, हे मी रविवारी उभं राहून सांगणार आहे आणि पुढचं नरेशदादा बोलतील, भिंग-आरशासकट. चार वर्षं मी त्या नकाशात एक जागा शोधत बसले होते... तिथे एक माणूस होता, तो नरेशदादांनी दाखवला.