पेशंट झोपलेला दिसला पाहिजे

आई हॉलमधल्या नव्या फरशीवर पडली. ही फरशी आरशासारखी चमकेल, असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं, आत सळई घातली आणि दुसऱ्याच दिवशी सर्जनने तिला वॉकर धरून उभं केलं. वॉर्डाबाहेर त्यांनी मला सांगितलं ते असं: हाडाची काळजी करू नका, ते जुळतं. काळजी स्नायूंची करा. या वयात माणूस पडून राहिला की मांडी भराभर वाळते. पहिल्या काही आठवड्यांत चालल्या तर चालतील. नाही चालल्या तर खाट धरतील आणि एकदा खाट धरली की... हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्याच रुग्णालयात एक संशोधन चालू होतं. मोडलेलं हाड आणि त्याभोवतीचा स्नायू शरीर कोणत्या वयात कसा दुरुस्त करतं, कोणाची दुरुस्ती रेंगाळते आणि का, हा त्याचा विषय. शाळकरी मुलांपासून पार म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या वयांची मोडकी माणसं त्यांना हवी होती. आईच्या वयाची कमी पडत होती, त्यामुळे आमचं स्वागत चांगलं झालं. आईने सही केली. तिच्या घोट्यावर घड्याळासारखा एक पट्टा बांधला गेला. ती किती चालते हे तो मोजणार होता. चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर मिळाली. आणि प्रश्न विचारले गेले. साखर आहे का, मिश्री लावता का, दूध किती, उन्हात किती बसता, तुमची आई अशी पडली होती का. धोक्याचा एकही घटक सुटू नये, याची काळजी घेतलेली दिसत होती. एकच सुटला. आमचं घर कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही.

आमचं घर पौडला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. पौड हे तालुक्याचं गाव. सातबारा, मोजणी, वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, काही ना काही कारणाने मुळशी तालुक्यातला प्रत्येक जण तहसील कचेरीत येतो. साहेब जागेवर नसतात म्हणून तो थांबतो. काम होत नाही, मग परतीच्या गाडीसाठी थांबतो. या दोन थांबण्यांच्या मधे एखादा पेशंट बघून होणार असेल, तर सोडतो कोण?

आई घरी आल्याची बातमी आम्ही कोणाला दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चपलांचा ढीग होता.

पेशंटला भेटायला येण्याचे नियम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, म्हणून ते पाळले जातात. हातात केळी किंवा बिस्किटांचा पुडा असावा. आल्यावर आधी गप्प बसावं. मग "कसं काय झालं गं?" असं विचारावं. पेशंटने पहिल्यापासून सगळं सांगावं, आधीच्या पाहुण्याला सांगून झालेलं असलं तरी. त्यानंतर पाहुण्याने अशाच पडलेल्या दुसऱ्या एका बाईची हकिगत सांगावी, आणि ती बाई शक्यतो मेलेली असावी. "माज्या नंदंची सासू अशीच पडली व्हती. लई चांगली बाई. उठलीच न्हाई परत." शेवटी कारणावर चर्चा व्हावी. या खाटेभोवती निघालेले धोक्याचे घटक पुण्याच्या प्रश्नावलीपेक्षा जास्त होते: फरशी, अमावस्या, बाटलीतलं पाणी, हायब्रीड तांदूळ, घराची दिशा आणि मी. चहा करण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे शेवटचा मुद्दा माझ्यामागे मांडला जाई.

आणि मुख्य नियम: पेशंट झोपलेला दिसला पाहिजे.

हा नियम आम्हाला उशिरा कळला. पहिल्या आठवड्यात आई सांगितल्याप्रमाणे चालत होती. वडिलांचे एक चुलतभाऊ धरणापलीकडच्या गावाहून आले, तेव्हा ती वॉकर घेऊन पडवीत होती. ते दारातच थांबले. हातातल्या केळ्यांकडे बघितलं.

"वैनी, तुमी तर चालताय की."

"डाक्टरनी सांगितलंय, भावजी. चालायचं म्हनून."

"बरं हाय मग," असं म्हणून ते बसले, चहा प्याले आणि गेले. केळी परत नेली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण त्या आठवड्यात कचेरीत आलेल्या प्रत्येकाकडून आम्हाला एकच गोष्ट कळत गेली. "पावनं म्हनत व्हते, काय झालंय तिला? पडवीत हिंडतीया. नुसतं नाटक. आपरेशनबिपरेशन काय न्हाई."

आईने आयुष्यात बरंच काही ऐकून घेतलं होतं. नाटक हा शब्द ऐकून घेतला नव्हता.

त्या दिवसापासून फाटकाची कडी वाजली की ती वॉकर कपाटाच्या आड ढकलायची, खाटेवर आडवी व्हायची आणि गोधडी छातीपर्यंत ओढायची. हे सगळं ती ज्या चपळाईने करायची, तिची संशोधनात कुठेही नोंद नाही. पाहुण्यांची अडचण एवढीच होती की ते सारखे येत. एक गेला म्हणून उठावं तर दुसरा फाटकात. काही दिवसांनी तिने मधल्या वेळात उठणं सोडलं. परवडत नव्हतं.

संशोधनातर्फे एक मुलगी घरी यायची. तिने फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं होतं आणि पौडच्या माणसांचं अजून घ्यायचं होतं.

"आजी, उठा बरं. पाच मिनिटं चालू या."

खाटेशेजारी बसलेल्या बाईने तिचा हात धरला. "अगं पोरी, तिला कशाला तरास देतीस? खुबा मोडलाय तिचा."

"म्हणूनच चालायचंय, मावशी."

"तुज्या आयला चालवशील का अशी?"

"हो, चालवेन."

"बघा," बाई बाकीच्यांना म्हणाली. "शिकल्याली हाय."

मुलीच्या सांगण्यावरून मी दारावर कागद लावला: पेशंटला चालण्याचा व्यायाम असल्याने कृपया भेटण्यास येऊ नये. लोकांनी तो मोठ्याने, पूर्ण वाचला आणि आत आले. "परक्यांसाठी आसंल," असा त्याचा अर्थ लागला. प्रोटीन पावडर आई पाहुण्यांबरोबर आलेल्या मुलांना दुधातून देत होती. हे मला डबा रिकामा झाल्यावर कळलं. मुळशीतल्या काही मुलांचे स्नायू सध्या उत्तम असावेत.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानवाल्यांच्या घरून चाची रोज यायच्या. त्यांच्या हातात बिस्किटांऐवजी डबा असे, आणि डब्यात पायाचा रस्सा. "हाडाला हाडच लागतंय, आक्का. पी गरम गरम." आई त्यांना भाभी म्हणते. दोघींची मैत्री जुनी आहे आणि त्यात प्रेमाइतकीच चुरस आहे. चाचींनी एकही दिवस चुकवला नाही, हे आई कौतुकाने सांगायची आणि ते तिला खुपतही होतं. एवढं येणं फेडायचं कधी?

तपासणीसाठी पुण्याला जावं लागलं तेव्हा आईला दोघांनी उचलून गाडीत बसवलं. तिथे बाकावर त्याच संशोधनातला उरवड्याच्या कारखान्यातला एक कामगार बसला होता. मांडीचं हाड मोडलं होतं आणि तो एका काठीवर आला होता, एकटा, बसने. मुलीने पडद्यावर दोघांच्या चालण्याच्या रेघा दाखवल्या. त्याची रेघ ताम्हिणीच्या घाटासारखी चढत होती. आईची सुरुवातीला थोडी हलून नंतर धरणाच्या पाण्यासारखी सपाट झाली होती.

आईने त्याला विचारलं, "तुला भेटाया कोन कोन आलं रं?"

त्याला मराठी कळत होतं, उत्तर हिंदीत आलं. "हमको देखने कौन आएगा, माँजी? रूम पे सब ड्यूटी पे जाते हैं। पानी भी खुद उठ के लेना पड़ता है।"

परतीच्या वाटेवर भूगावपर्यंत आई त्याच्यासाठी हळहळत होती. "बिचाऱ्याला कुनी न्हाई." तो तरुण होता, त्यामुळे या तुलनेतून काही सिद्ध होत नाही. मी तसं म्हटलंही नाही. फक्त दोघांपैकी एकाला गाडीतून उचलून उतरवावं लागलं आणि तो एक म्हणजे कामगार नव्हता.

त्यानंतरच्या एका दुपारी, कसं कोण जाणे, कोणीच आलं नाही. कचेरीला सुट्टी असावी. मी वॉकर खाटेशी आणून ठेवला. आईने दोन्ही हात टेकले, अंग उचललं, आणि तिची मांडी थरथरायला लागली, वाऱ्यात कागद हलावा तशी. ती खाली बसली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बसली. "न्हाई येत आता," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. या वेळी समोर पाहुणा नव्हता. संध्याकाळी मी कमोडची खुर्ची मागवली. सर्जनचं अर्धं वाक्य आता मला कोणी न सुचवता पुरं करता येत होतं.

पुढच्या सोमवारी चाची दुकानाच्या पायरीवरून घसरल्या. घोटा मोडला. प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आल्या.

सकाळी आमची कडी वाजली नाही. आईने गोधडी ओढून तयारी ठेवली होती. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. समोरून मात्र चपलांचे, हाका मारण्याचे, कपबशांचे आवाज येत होते. तालुक्याने पेशंट बदलला होता. नवीन पेशंटची हकिगत ताजी होती, आणि तिथे शिरकुर्मा मिळतो अशी अफवाही होती.

"कोन कोन आलंय तितं?" आईने विचारलं.

"बरीच माणसं दिसतात."

"भावजी हायेत?"

"आहेत."

"केळी आनली का?"

"ते इथून दिसत नाही."

खाटेवरूनही ते दिसत नाही. त्यासाठी खिडकीशी उभं राहावं लागतं. मी स्वयंपाकघरातून आलो तेव्हा आई एका हाताने वॉकर आणि एका हाताने खिडकीचा गज धरून उभी होती. मांडी थरथरत होती. ती फार वेळ टिकली नाही, पण "सफरचंदं हायेत. मला केळी, तिला सफरचंदं" एवढं बघण्यापुरती टिकली. नंतर ती पुन्हा उठली, कारण पुण्याच्या गाडीतून कोणीतरी उतरलं होतं. मग पुन्हा. घरी येणारी मुलगी त्या आठवड्यात आली तेव्हा आई खिडकीशी होती. मुलीने तिला शाबासकी दिली. आईने तिला बाजूला सरकायला सांगितलं, दिसत नव्हतं.

मत्सराने माणूस उभा राहतो. चालायला त्याहून मोठं काहीतरी लागतं, ते म्हणजे लोकलाज. चाचींनी रोज डबा आणला होता आणि आई अजून एकदाही गेली नव्हती. "ती मनात काय म्हनत आसंल?" आई दिवसातून अनेकदा विचारू लागली. मी सांगितलं की त्यांना कारण ठाऊक आहे, त्यांनी रोज बघितलंय. "कारन कारनाच्या जागी," ती म्हणाली. "न्हाई गेलं म्हंजी न्हाई गेलं."

मग हॉल, मग पडवी, मग फाटक. चालता चालता ती शिव्या देत होती, मला, वॉकरला आणि फरशीच्या दुकानदाराला. एका सकाळी तिने इरकली नेसली, वॉकरच्या दांडीला सफरचंदांची पिशवी अडकवली आणि निघाली. गल्ली ओलांडायला एसटीला घाट चढायला लागत नसेल इतका वेळ लागला. दोन्ही बाजूंच्या रिक्षा थांबल्या. कोणी हॉर्न वाजवला नाही. पौडमध्ये ही मोठी गोष्ट आहे.

चाचींच्या फाटकाची कडी वाजली तशी आतून घाईची खुडबूड ऐकू आली. आम्ही आत गेलो तेव्हा त्या खाटेवर आडव्या होत्या, गोधडी छातीपर्यंत. त्यांच्या कुबड्या कपाटाच्या आडून अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

आईने कुबड्यांकडे बघितलं.

"ऊठ, भाभी. माज्यापुढं नगो."

चाची तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. "काय करू, आक्का? बसल्याली दिसले तर लोक म्हनत्यात, हिला काय धाड भरलीय."

"भावजी म्हनले का?"

"तेच म्हनले."

मग दोघींनी मिळून भावजींचा समाचार घेतला. तो इथे देता येत नाही. आई खुर्चीवर बसली होती आणि जाताना तिने आधाराला माझा हात घेतला नाही.

त्यानंतर ती रोज जायला लागली. संशोधनातली रेघ अचानक वर गेली. मुलगी पट्ट्यातला आकडा बघून खूश झाली. वरिष्ठांशी बोलून आली आणि म्हणाली, पावडरचा परिणाम काही जणांत उशिरा दिसतो, तो का हे आता तपासायचं आहे. मी तिला सफरचंदं, खिडकी आणि भावजी यांच्याविषयी सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "खूप छान आहे हे," ती म्हणाली. "पण यासाठी आमच्याकडे जागा नाहीये." पावडरचा आणखी एक डबा देऊन ती गेली.

चाचींचं प्लास्टर निघायची वेळ जवळ आली तशी आई अस्वस्थ झाली. "इतक्यात कशाला काडतायत? जरा राहू द्यावं," असं ती दोनदा म्हणाली. काळजी अनाठायी होती. पौडमध्ये माणसं आजारी पडायची थांबत नाहीत. बाजारपेठेत एकाचा मोतीबिंदू, शाळेमागे एकीचं पित्ताशय, स्टँडवरच्या चहावाल्याच्या आईला झटका. आई आता वॉकर नाही, काठी घेते, आणि सगळीकडे जाते. गप्प बसते, कसं झालं ते विचारते आणि तसंच होऊन मेलेल्या एका बाईची गोष्ट सांगते.

परवा ती पित्ताशयवालीकडे जाऊन आली. आल्या आल्या पिशवी टेबलावर आपटली.

"येवडं ऊन, येवडी तंगडतोड करून गेले. आन ती बया वट्याशी उभी. भाकऱ्या थापतीया."

"मग चांगलंच आहे की."

"काय झालंय तिला?" काठी कोपऱ्यात ठेवत आई म्हणाली. "नुसतं नाटक."