आमची भावजय आणि रेझिन

नणंदेने भावजयीचं कौतुक करायचं नसतं म्हणतात, तरी करते. पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्यात काचेचं कापड अंथरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकेक पातं आमच्या अख्ख्या गल्लीएवढं लांब. त्याच्या साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर घालायचं, वर प्लास्टिक ताणून आतली हवा ओढून घ्यायची आणि रेझिन, म्हणजे राळेसारखं पातळ चिकट रसायन, सोडायचं. ते कापडात मुरून कडक झालं की पातं तयार. कापडात एखादी चुणी राहिली तर पातं वाऱ्यात तिथेच दगा देतं. भावजय नुसता तळवा फिरवून चुणी शोधायची. साच्याच्या दुसऱ्या कडेला माझा धाकटा भाऊ. त्याच्या बाजूला चुण्या फार, आणि त्या काढायला तिलाच जावं लागायचं. त्यातूनच लग्न जमलं. भाऊ कामात इतका वाईट नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. साबण बदलून पाहिला. पापण्या सुजल्या तेव्हा डॉक्टरकडे गेली. रेझिन लागून लागून अंगाने त्याच्याशी वैर धरलं होतं.

"हे आता जन्माचं," डॉक्टर म्हणाले. "हातमोजे घालून भागणार नाही. लांब राहा, नाहीतर उद्या छातीत उतरेल."

नोकरी सोडताना ती रडली नाही. रडली ती नंतर, घरी बसूनही सूज उतरेना तेव्हा. भावाच्या शर्टाला, केसांना, कानामागे लागून रेझिन घरी येत होतं. नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला की दुसऱ्या दिवशी खांदा लाल.

एक तर त्याने कारखाना सोडायचा, नाहीतर घर. भाऊ म्हणाला, कारखाना सोडतो. पण आमच्याकडे कारखान्याशिवाय दुसरं आहे काय? त्याने जोडे झिजवले, कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी एक दिवस घरी सांगून मोकळा झाला, बँकेत वॉचमन म्हणून लागलो. आणि सकाळी उठून कारखान्यातच गेला.

मला हे ठाऊक, कारण या नाटकाचा रंगपट माझ्या घरी आहे. सुटी झाली की तो थेट माझ्याकडे येतो, अंग सोलून निघेल इतकं घासतो, जुन्या बाजारातून आणलेला वॉचमनचा गणवेश चढवतो, गळ्यात शिट्टी अडकवतो आणि बायकोकडे जातो.

"अरे, बँकेच्या वॉचमनला शिट्टी देतात होय?" मी विचारलं.

"तिला कुठे माहितीये," तो म्हणाला.

मला हसू आलं, मग रागच आला. पण रागावून करणार काय? पगार थांबला तर दोघं खाणार काय?

काल भावजयीकडे गेले. ती खिडकीशी बसली होती. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या, मान पुरळाने भरलेली. श्वासाबरोबर छातीत घरघर.

"धुळीचं आहे," ती म्हणाली.

"कुठली धूळ?"

"ताई, ते अंघोळ तुमच्याकडे करतात ना?"

मी उगाच पदर सारखा केला.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं," ती म्हणाली. "माझी कातडी मला फसवत नाही."

"मग त्याला बोलत का नाहीस?"

"बोलले तर ते तुमच्याकडे राहायला येतील. माझ्या भल्यासाठीच येतील. पण इथे एकटी बरी होऊन मी करू काय?"

"अगं, छातीत उतरलंय ते आता. जिवावर बेतेल."

"बेतेल," ती म्हणाली आणि भिंत धरून उठली. त्याची यायची वेळ झाली होती, तोंडावर पाणी मारायचं होतं. मी निघाले तेव्हा दारात म्हणाली, "त्यांना एवढं सांगा, केस दोनदा धुवा. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

आज मी त्याला तेवढं सांगितलं. त्याने खाली मान घालून केस दोनदा धुतले. कशाला, ते विचारलं नाही.