भरल्या टाकीचा लाल दिवा

उटनूरच्या दवाखान्यातली नोकरी संपवून दादाजी दुर्गे वांकिडीकडच्या आपल्या गावी परत आला, तेव्हा बरोबर काय आणलं म्हणता? लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. ह्या बाबानं आणली हातभर लांब बांबूची कामटी, चाकूनं तीन खाचा पाडलेली. सुनेनं सरळ मनानं विचारलं, "मामाजी, हे चुलीत घालू काय?" त्यावर म्हातारा असा भडकला की दोन दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

आता हातभर बांबूसाठी माणूस एवढा भडकतो, म्हणजे त्यामागं काही असणारच. होतंच.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. त्याच्या चार वर्षं आधी एका परदेशी धर्मादाय संस्थेनं दवाखान्याला चाकांवरची एक खोली दिली होती. जीपच्या मागं जोडायची आणि जंगलातल्या गावांना न्यायची. आत एक बाक, औषधाची कपाटं, तोटी असलेलं बेसिन. पाण्याच्या टाक्या दोन. चांगल्या पाण्याची बाकाखाली, आणि हात धुतलेलं घाण पाणी साठायची खाली चाकांच्या मधे. दादाजी जीपचा ड्रायव्हर. पण खोली आल्यापासून तो स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घेईना. "गाडी चालवणं काय, कोणी बी चालवते," म्हणायचा. त्याचा जीव सगळा भिंतीवरच्या त्या पाटीत.

पाटीवर दर टाकीचं एक बटण आणि चार दिवे. हैदराबादहून आलेल्या मेकॅनिकनं त्याला हिंदीत समजावलं होतं. टाकीच्या आत खालून वर तीन खिळे ठोकलेले. पाणी ज्या खिळ्याला लागलं त्याचा हिरवा दिवा लागतो. तिन्ही लागले की टाकी भरली. एकाही खिळ्याला पाणी लागलं नाही की नुसता लाल. झालं! दादाजी येईल त्याला बटण दाबून दाखवायचा. तहसीलच्या कारकुनाला दाखवलं, फॉरेस्टच्या गार्डाला दाखवलं, एकदा तर गावाहून मायला आणून दाखवलं.

माय म्हणजे गयाबाई. तिनं दिवे पाहिले आणि विचारलं, "मंग झाकण उघडून काऊन नाई पाहत?"

"झाकणाले कुलूप हाय," दादाजी ऐटीत म्हणाला. "चांगलं पाणी हाय ते. त्यात कोणाचा हात नाई पडला पाह्यजे."

गयाबाई पदर सावरत म्हणाली, "हे बोलणं म्या आधी आयकलं हाय रे, बाबा."

दादाजीला ते कळलं नाही असं नाही. गावच्या विहिरीशी माय रिकामी घागर घेऊन उभी असायची आणि तो तिच्या लुगड्याला धरून. कोणी तरी दया येऊन वरून ओतेल तेव्हा ओतेल. विहीर तोंडापर्यंत भरलेली असायची. तो मेला तरी ते विसरणार नव्हता. पण इथली गोष्ट वेगळी, हे स्वच्छतेचं काम, डाक्टरसाहेबांचा हुकूम, असं त्यानं मनाला सांगितलं आणि मनानं ऐकलं. आपलं मन आपल्याला सोयीचं तेवढं बरोबर ऐकतं.

खालच्या, घाण पाण्याच्या टाकीचे दिवे तर दोन महिन्यांतच बिघडले. टाकी ओतून रिकामी केली तरी तिन्ही हिरवे. आत साबणाचा राप बसला होता. नर्स ताराबाई हसायची, "दादाजीभाऊ, तुमची ही टाकी खोटारडी हाय." दादाजीही हसायचा. एक पाटी, एकच मेकॅनिक, सारखेच खिळे. एक टाकी खोटं बोलते तर दुसरी काऊन बोलणार नाही, एवढा साधा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. आपल्या लाडक्यावर कोण संशय घेतो!

मे महिन्यात एका जंगलातल्या गावी बाजाराचा दिवस होता. सकाळी उटनूरच्या बोअरवर त्यानं स्वतः टाकी काठोकाठ भरली, कुलूप लावलं. रस्ता म्हणजे नुसते दगड. चिंचेखाली खोली उभी केली, बटण दाबलं, तर लाल. खाली वाकून पाहिलं, टाकीखालची माती थोडी ओली दिसली. धचक्यानं टाकीची नळी ढिली झाली, पाणी सांडलं, असा त्यानं हिशेब लावला. आत कुऱ्हाडीनं पाय फाटलेला एक लाकूडतोड्या झोपला होता. तळाशी राहिलं असेल ते पाणी त्याची जखम धुऊन शिवायला राखायचं, असं ठरवून तो दारात बसला.

तेवढ्यात सकाळपासून चिंचेपाशी वाट पाहत बसलेली बयनाबाई पुढं आली. दूरच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीवरची. खांद्यावर तीन वर्षांची नात. पोरगी पहाटेपासून हगत-ओकत होती. रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नाही. ताराबाईनं साखर-मिठाच्या भुकटीचं पाकीट बाईच्या हातात दिलं. "एक तांब्या चांगल्या पाण्यात कालवा आन् इथंच बसून चमच्या-चमच्यानं पाजा," म्हणाली, आणि आतून ओरडली, "दादाजीभाऊ, माईले पाणी द्या!"

दादाजीनं बटण दाबलं. "हे पाह्य माय, लाल दिवा हाय. पाणी नाई."

बाईनं दिव्याकडं पाहिलंच नाही. ती बाकाखालच्या टाकीकडं पाहत होती. मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पाकीट पदरात बांधलं आणि पोरीला घेऊन चालू लागली. दादाजीला वाटलं, समजूतदार बाई आहे.

डाक्टरसाहेबांनी टाके घातले. हात धुतले, अवजारं धुतली, दोन पोरांची गळवं फोडली, पुन्हा हात धुतले. तोटी आपली धो धो. दुपार कलली तशी ताराबाई म्हणाली, "दादाजीभाऊ, पाणी सरत काऊन नाई हो?"

दादाजी उठला. कुलूप काढलं. झाकण उचललं आणि हात घातला, तर मनगट आत जायच्या आधीच बोटाला पाणी लागलं. तळहातानं खिळे चाचपले. त्यांच्यावर पांढरा, खरबरीत थर चढला होता, मायच्या पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाला चढतो तोच. ह्या भागातलं पाणीच तसं, क्षाराचं. हे त्याला लहानपणापासून ठाऊक. दर दिवाळीला चिंच लावून तो थर त्यानंच घासायचा. थर चढलेल्या खिळ्याला पाणी लागलं काय, न लागलं काय!

"बाई कुठं गेली?" तो ओरडला. कोणाला माहीत? ताराबाईनं तोंडावर हात ठेवला.

त्यानं पाच लिटरचा डबा भरला, बाजारातल्या एकाची सायकल जवळजवळ हिसकून घेतली आणि पोडाच्या वाटेला लागला. वाटेत दोनदा पडला, पण डबा पडू दिला नाही. 'पोरगी जगू दे, बस् पोरगी जगू दे,' एवढंच डोक्यात. देवाचं नाव घ्यायची सवय घरात नव्हती, आणि घेतलं असतं तरी कोणत्या तोंडानं? चार वर्षांत टाकीत कोणाला हात घालू दिला नाही. एक काडी बुडवून पाहिली असती तरी भागलं असतं.

बयनाबाई पोडावर पोचलीच नव्हती. वाटेतल्या कोरड्या नाल्यात सापडली. वाळूत झिरा उकरला होता, हातभर खड्डा. त्यात पाणी पाझरेल तसं ओंजळीनं लोट्यात भरत बसली होती. तीन तासांत अर्धा लोटा जमला होता, गढूळ. पोरगी जांभळीच्या सावलीत पडली होती. आता रडतही नव्हती.

दादाजीनं डबा तिच्यापुढं ठेवला. बाईनं पाकीट काढून दिलं. त्यानं डब्याच्या झाकणात थोडं थोडं कालवलं. बाईनं पानाच्या द्रोणानं पोरीच्या ओठांना लावलं. पहिलं ओकली. दुसरं ओकली. तिसरं राहिलं. एक द्रोण, मग थांबायचं, मग दुसरा. दादाजी वाळूत गुडघे रोवून पाहत होता. किती वेळ गेला कोण जाणे. सावली नाल्याच्या त्या काठाला गेली. मग पोरीनं आजीच्या मांडीवर मुतून लुगडं ओलं केलं, आणि तोंड वाकडं करून रडायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं, खरंखुरं, गालावरून खाली.

बयनाबाई हसली. मग तिचं लक्ष दादाजीकडं गेलं. फुटलेले गुडघे, ओठांवर पांढरी साल. तिनं झिऱ्यावरचा लोटा उचलला. गाळ आता खाली बसला होता.

"पी," ती म्हणाली.

दादाजीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. विचार करून नाही. परक्याच्या दारात पाणी कसं प्यायचं ते मायनं शिकवलेलं, हात आपोआप तसे झाले. बाईनं त्या ओंजळीकडं पाहिलं, एक हात धरून खाली केला आणि दुसऱ्यात लोटाच ठेवला.

आता मात्र दादाजीचा बांध फुटला. "माय, माही चूक झाली. टाकी भरेल होती. दिवा लाल होता, पण टाकी भरेल होती."

"मले मालूम हाय," बयनाबाई पोरीचं तोंड पुसत म्हणाली. "तुमची गाडी चिंचेखाली वळली ना, तवा आतलं पाणी आपटलं. म्या आयकलं."

"मंग बोलली काऊन नाईस?"

"काय बोलू? मले वाटलं, तुले द्याचं नाई."

दादाजीनं लोटा तोंडाला लावला. तिनं तीन तास बसून जमवलेलं ते पाणी त्याला प्यावंच लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं टाकीचं कुलूप काढून फेकलं आणि घराच्या परसातला बांबू तोडून कामटी तासायला घेतली.