थेंब खाली, गळती वर

मित्रहो, आज सकाळी घडलेलं लिहितो.

माझी जुनी गाडी विश्रामबागेतल्या घरापुढे रोज ऑइल गाळायची. कविता म्हणत, एकट्याने तिच्यातून वाईला जाणं हे माझं सुख. मुलगा मात्र वर्षभर या गळतीवरून भांडत होता; त्याने बजावलं होतं, "इंजिन खोलावं लागलं तर गाडी भंगारात." थेंब इंजिनखालच्या, ऑइल साठतं त्या चेंबरवरून पडत, म्हणून मी चेंबरचं पॅकिंग दोनदा बदलून घेतलं. गळती तशीच.

आज ओळखीचे म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी इंजिन पुसून कोरडं केलं, त्यावर आपली तोंडाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडी चालू ठेवली. थोड्या वेळाने पांढऱ्या पावडरीतून वरून खाली काळा ओघळ उतरला.

"आवं सर, थेंब खाली दिसतोय, पर गळतंय वर. टॅपेट कव्हरचं, ह्या इंजिनाच्या वरल्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय. इंजिन खोलायचं काय कारण न्हाई."

तासाभरात काम झालं. गाडी वाचली. मुलगा खूश होईल असं वाटलं होतं.

तो हळूच म्हणाला, "म्हणजे आता परत एकटेच वाईला जाणार?"

वर्षभर मी समजत होतो, तो ऑइलवरून भांडतोय. पुढच्या वेळी त्याला शेजारी बसवून नेणार आहे.

तुमची मुलं तुमच्याशी कशावरून भांडतात?