आधी बसू द्या, मग आवळा

माझी बायको गेली त्याला आता वरीस होत आलं. रावेतच्या फ्लॅटमध्ये मी, मुलगा आणि सून असे राहतो. मी शाळेत फार गेलो नाही. उभा जन्म कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात गेला, त्यामुळे बोलतो जरा मोठ्यानं आणि सरळ बोलतो.

मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्यानं जुन्यात एक लाल गाडी घेतली. शर्यतीची असते तसली, दोन दारांची, बुटकी. मला ती मुळीच पटली नाही. तेव्हा ही होती, हिला पटली. रविवारी मुलगा आम्हाला देहूकडं चक्कर मारून आणायचा. ही पुढं बसायची आणि म्हणायची, "पाटावर बसल्यागत वाटतंय, समोर ताट तेवढं न्हाई." उतरताना मुलगा तिचे दोन्ही हात धरून तिला ओढून काढायचा आणि दोघंही हसायची. ती गेल्यावर तिच्या जागेवर मी बसायला लागलो. आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघतो. खोटं कशाला बोलू?

मध्ये मुलानं गाडीला नवे शॉकप आणि नव्या स्प्रिंगा घातल्या. म्हणे वळणावर गाडी रस्त्याला चिकटून पळते. चिकटली का नाही ते मला कळलं नाही, पण ओरडायला लागली. गतिरोधक आला की पुढून आवाज. सोसायटीच्या गेटात शिरताना वॉचमन मान वर करून बघायचा.

सून वैतागली. "हा आवाज गेला नाही तर विकून टाका. चार दारांची घेऊ, दादांनाही चढउतार बरी पडेल."

"मला चढता येतंय," मी म्हटलं. "माझं नाव पुढं करू नको."

मुलानं मोबाइलवर गाड्यांचे भाव बघायला घेतले. म्हणजे मनातून गाडी अर्धी विकून मोकळा झाला, हे मला ठाऊक. देहूला काय, चार दारांच्या गाडीनंही जाता येतं. पण त्या गाडीत हिची जागा नव्हती.

शनिवारी त्याच्याबरोबर कासारवाडीच्या गॅरेजात मीही गेलो. नवे शॉकप तिथंच बसवले होते. मेस्त्री चांगला माणूस, पण त्यालाही काही सापडेना. "कसला आवाज येतो?" त्यानं विचारलं. मुलगा म्हणाला, खडखड. मी म्हटलं, टकटक, चाकाचा बॉल जॉइंट गेलाय, बदलून टाक. इतक्या ठासून म्हटलं की त्यानं खरंच बदलला. चक्कर मारून आलो. आवाज जागच्या जागी.

"काका, तुमचं प्रेस शॉपातलं बोलणं," मेस्त्री म्हणाला. "मोठ्यानं बोललं की मानसाला खरंच वाटतं."

मग आम्ही दोघांनी ढिलं काय आहे ते शोधलं. खडखडतंय म्हणजे कुठंतरी ढिलं असणार. जिथं पाना बसेल तिथं आणखी आवळलं. आवाज उलट वाढला.

तेवढ्यात सून ऑफिसातून परस्पर तिथं आली. मेस्त्री बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी खालीवर दाबत होता. ती जरा वेळ ऐकत उभी राहिली.

"खडखड कुठली हो? करकरतंय," ती म्हणाली. "आपला झोपाळा करकरायचा ना, तस्सं."

मला एकदम हसू आलं. बाल्कनीतला झोपाळा मीच बसवलेला. रिकामा असताना आवाज नाही, बायको बसली की करकर. मी तिला उठवायचो, नट आवळायचो, ती बसायची, परत करकर. शेवटी म्हणाली, "अहो, रिकामाच काय आवळताय? आधी बसू द्या, मग आवळा." ती बसली, मी खाली वाकून आवळलं, आवाज बंद. वरून विचारते, "इतकी वर्षं कंपनीत काय केलंत?" मी म्हटलं, नोकरी.

हे मी गंमत म्हणून सांगत होतो. मेस्त्रीचे हात बॉनेटवर तसेच थांबले.

"भाऊ," तो मुलाला म्हणाला, "शॉकप घातले तवाबी आन आजबी गाडी लिफ्टवर व्हती. चाकं लोंबकळत व्हती तवाच आमी सगळं आवळलं."

चाक ज्या दांड्याला असतं त्या दांड्याच्या मुळाशी रबर असतं. चाक लोंबकळत असतानाच ते आवळलं गेलं. गाडी खाली टेकली तसा रबराला पीळ पडला, तो पडूनच राहिला. आम्ही आवळत गेलो तसं ते जास्त ओरडलं.

त्यानं नट ढिले केले आणि गाडी मागच्या जुन्या खड्ड्यावर घेतली. तिथं चाकं जमिनीवर टेकून खालून काम करता येतं. पाना घेऊन खाली उतरता उतरता तो म्हणाला, "आत वजन पायजे. काका, बसता का?"

मी हिच्या जागेवर बसलो. मुलगा शेजारी, सून मागं अंग चोरून.

"हलू नका हां," खालून आवाज आला.

मी कशाला हलतोय. पायाखाली पाना फिरत होता, एकेक नट घट्ट होताना सीटमधून अंगाला कळत होता.

खड्ड्यावरून गाडी बाहेर काढली. गॅरेजच्या तोंडाशी मोठा गतिरोधक आहे, त्यावरून पुढंमागं केली. काही नाही. मुलानं सुनेकडं आरशातून पाहिलं.

"ठेवा," ती त्याला म्हणाली. "पण उद्या मागं तुम्ही बसायचं, गाडी मी चालवणार."

मुलानं माझ्या बाजूला येऊन दार उघडलं आणि दोन्ही हात पुढं केले. "दादा, झालं. उतरा, जरा पाय मोकळे करा."

"उतरतो कशाला?" मी म्हटलं. "बस तू. देहूकडनं जाऊ घरी."